पालखेडला शिल्पस्मारक करायचं तर: घोडा, भिंत की नकाशा?

बारगीर (धागाकर्ता)

पालखेडच्या लढाईच्या (१७२८, बाजीराव पेशवे विरुद्ध निजाम) स्मारकाचा एक कच्चा मसुदा चर्चेला ठेवतोय. जागा साधारण दोन एकर, सपाट, काळी माती. मसुद्यात आहे ते असं: १२ फुटी चौथऱ्यावर बाजीरावांचा २० फुटी अश्वारूढ पुतळा, घोडा मागच्या दोन पायांवर, पुढे दोन तोफा, भोवती कारंजं, मागे ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत मजकूर.

कुठे चुकतंय ते सांगा. "छान आहे" असं लिहायला येऊ नका.

---

वीरगळवाला

आधी गाव पक्कं करा. धरणाचं पालखेड नाशिक जिल्ह्यात, कादवा नदीवर. लढाईचं पालखेड वैजापूर तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. नेटवर दोन्हींचे फोटो एकमेकांच्या नावावर फिरतात. फलकावरच्या नकाशात धरणाचं पालखेड छापलं गेलं तर मग हसं होतं.

दुसरं, तोफा काढा. गोदावरी ओलांडून बाजीरावांच्या मागे लागताना निजामाने जड तोफखाना मागे ठेवला होता. तोफ नसणं हाच या लढाईचा कणा आहे. तिथे तोफा मांडणं म्हणजे पावनखिंडीत हत्ती उभे करण्यासारखं.

तिसरं, चेहरा. बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७००. फेब्रुवारी १७२८ मध्ये वय २७. समोरचा निजाम-उल-मुल्क १६७१ चा, म्हणजे छप्पन्नच्या घरातला. मल्हारराव होळकर चौतिशीत. आपल्याकडे कुठल्याही पेशव्याला पंचेचाळिशीचा, भरल्या गालांचा करायची सवय आहे. पालखेडला करायचाच असेल तर उन्हाने रापलेला, सडपातळ, सहा महिने घोड्यावर असलेला तरुण करावा लागेल.

---

टाकीचा घाव

त्याहीपेक्षा मूळ प्रश्न असा की पालखेडला हातघाईची मोठी लढाई झालीच नाही. निजाम पुण्याकडे उतरला. बाजीराव त्याच्या अंगावर न जाता जालना, बुऱ्हाणपूर, खानदेश, गुजरात असा वळसा घालून त्याचाच मुलूख पेटवत फिरले. तो मुलूख वाचवायला निजाम उलटा फिरला, मोकळ्यावर आला, आणि बाजीरावांनी त्याचं पाणी आणि दाणावैरण तोडली. ६ मार्च १७२८ ला मुंगी-शेवगावचा तह झाला आणि शाहू महाराजांचा दक्षिणेतला चौथ-सरदेशमुखीचा हक्क निजामाने मान्य केला.

म्हणजे शिल्पाला विषय दोन: वळसा आणि तहान. उधळलेला घोडा यातलं काहीच सांगत नाही. तो वसईला चालेल, दिल्लीला चालेल, कुठल्याही चौकात चालेल.

---

ओतारी

घोडा दोन पायांवर का नको याचं माझं कारण वेगळं आहे. हिशोब करू.

छत्रपती संभाजीनगर परिसराचा मूळ वाऱ्याचा वेग भारतीय मानक ८७५ (भाग ३) प्रमाणे ३९ मीटर प्रतिसेकंद. दाब = ०.६ × वेगाचा वर्ग, म्हणजे ९१३ न्यूटन प्रति चौरस मीटर, ढोबळ ९० किलोच्या वर. वीस फुटी स्वार-घोड्याची बाजूची छाया धरा १२ चौरस मीटर. सुमारे १,१०० किलोचा धक्का, तोही घोट्यांपासून ३ मीटर उंचीवर. आकाराचा गुणांक आणि चौथऱ्याची उंची धरली की आणखी वाढतो. हे सगळं घोड्याच्या दोन मागच्या घोट्यांतून खाली जायचं. शेपूट जमिनीला टेकवली तर तिसरा आधार मिळतो. माद्रिदमधल्या पिएत्रो ताक्काच्या चौथ्या फिलिपच्या पुतळ्यात (१६४०) मागचा भाग भरीव आणि पुढचा पोकळ ओतून वजन मागे ढकललंय. करता येतं, पण त्यासाठी आतला सांगाडा शिल्पकाराने नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढायला हवा.

आणि सांगाडा साध्या लोखंडाचा नको. कांस्य आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकले की लोखंड झपाट्याने गंजतं. बाहेरून पुतळा चकचकीत, आत भुसा. मालवणच्या राजकोटावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. चौकशीत गंज आणि सदोष वेल्डिंग हीच कारणं पुढे आली. ३१६ दर्जाचं स्टेनलेस वापरा आणि जोडाला मध्ये टेफ्लॉनची किंवा निओप्रीनची पट्टी द्या.

जाता जाता: "घोड्याचे दोन पाय वर म्हणजे स्वार रणात पडला, एक वर म्हणजे जखमेने गेला" हा संकेत वगैरे काही नाही. कुणी मसुद्यात घातलाच असेल तर काढा.

---

बारगीर

तोफा काढल्या. उधळलेला घोडाही काढला. मग वळसा दाखवायला लांब भिंत? १८ मीटर लांब, १.८ मीटर उंच, त्यावर उठावात सगळी मोहीम. भिंत दक्षिणाभिमुख ठेवली तर बघणारा उत्तरेला तोंड करून उभा राहतो. डावीकडे गुजरात, उजवीकडे बुऱ्हाणपूर. भिंत आपोआप नकाशा होते.

---

टाकीचा घाव

कल्पना सुरेख, पण मापात बसत नाही. पुणे ते बुऱ्हाणपूर-भडोच हा टापू पूर्व-पश्चिम साधारण ३४५ किमी आणि दक्षिण-उत्तर ३५५ किमी. जवळजवळ चौरस. तुमची भिंत दहास एक. १८ मीटरात ३४५ किमी बसवले तर एका मीटरला १९ किमी. त्याच मापाने उंची हवी साडेअठरा मीटर. १.८ मीटरात दाबलात की पुणं आणि बुऱ्हाणपूर एकमेकांच्या मांडीवर.

नकाशा जमिनीवर आणा. ९ × ९ मीटरची दगडी फरसबंदी, एका मीटरला ४० किमी. पुणे ते पालखेड सुमारे १८० किमी, म्हणजे साडेचार मीटर. चालत सात-आठ पावलं. वळसा सरळ रेषांनी मोजला तरी पंचवीसेक मीटर भरतो. माणूस पुण्याहून निघून जालना, बुऱ्हाणपूर, गुजरातची कड असा चालत पालखेडला पोचेल तेव्हा वळसा म्हणजे काय ते पायांना कळेल. शेजारून निजामाचा रस्ता किती आखूड आहे तेही दिसेल.

मार्गावर घोड्याच्या खुराला ठोकतात तशा कांस्याच्या नाला बसवा, दर ४० सेमीला एक. साठ-पासष्ट लागतील. जाडी १२ मिमी, वरचा पृष्ठ फरशीच्या पातळीत, खालून १०० मिमीचे दोन पाय ओतूनच घ्या आणि इपॉक्सीत गाडा. नुसत्या चिकटवल्या तर पहिल्या वर्षी निम्म्या भंगारात जातील.

भिंत राहू द्या, पण तिला फक्त प्रसंग सांगू दे.

---

मुरूमखडी

फरसबंदीची स्वप्नं बघण्याआधी खाली काय आहे ते बघा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर थेट फरशी टाकली तर दोन पावसाळ्यांत खानदेश वर आणि मराठवाडा खाली.

क्रमाने करा:

आधी तीन ठिकाणी बोअर, मुरूम किती खोल आहे ते कळेपर्यंत. मातीची मुक्त फुगवण चाचणी (भारतीय मानक २७२०, भाग ४०). ५० टक्क्यांच्या वर आकडा आला की माती जास्त फुगणारी समजून चाला.

फरसबंदीखाली किमान १ मीटर काळी माती काढून न फुगणारा मुरूम भरा. १५० मिमीचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. एकदम मीटरभर ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे २० सेमी दाबले जातात, खालचं पोकळ राहतं. इथेच सगळ्यात जास्त चोरी होते, कारण वरून दिसत नाही. प्रत्येक थराची घनता तपासून नोंद घ्या.

भिंतीला मुरूम दोन मीटरच्या आत लागला तर सरळ मुरमावर पट्टीपाया. खोल असेल तर अंडर-रीम पाइल (जमिनीत उतरवलेला काँक्रीटचा खांब): ३०० मिमी व्यास, साडेतीन ते साडेचार मीटर खोल, तळाशी ७५० मिमीचा फुगा. वरची तुळई मातीला टेकवायची नाही, खाली ८० मिमी मोकळी फट. ही फट ठेवायला मिस्त्री तयार होत नाहीत, त्यांना ती चूक वाटते. ठेवली नाही तर फुगणारी माती तुळई उचलते आणि भिंतीला तिरकी चीर जाते.

भिंतीपासून झाडाच्या पूर्ण वाढीइतकं अंतर सोडून झाडं लावा. पिंपळ-वड कितीही पवित्र असले तरी मुळं एका बाजूची माती कोरडी पाडतात आणि भिंत त्या बाजूला कलते.

---

पाणवठा

तहानेचं काय? कारंजं काढाच. मोटर जळते, मग टाकीत गुटख्याच्या पुड्या. शिवाय जिथे पाणी तोडलं त्या जागी कारंजं हा विनोदच.

त्याऐवजी नकाशावर पालखेडच्या जागी उथळ कुंड करा. व्यास २.४ मीटर, खोली फक्त ४५ सेमी, दगडी पायऱ्या-पायऱ्यांचं. फरसबंदीला कुंडाकडे शंभरास एक उतार. ८१ चौरस मीटरवर २५ मिमी पाऊस पडला की दोन घनमीटर पाणी येतं आणि कुंडाची क्षमताही फार तर तेवढीच. एका चांगल्या सरीत भरेल, मग पावसाळाभर भरतं राहील. ऑक्टोबरच्या मध्यापासून दिवसाला सरासरी ४ मिमी आटणी धरली तर ४५० मिमी आटायला ११२ दिवस. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कुंड कोरडं. लढाईचा दिवस येतो तेव्हा तळ दिसतो. पंप नाही, वीज नाही.

---

मुरूमखडी

कल्पना आवडली आणि पोटात गोळाही आला. काळ्या मातीत मुद्दाम पाणी साठवताय. कुंड झिरपलं तर तेवढाच भाग फुगेल.

अटी: कुंडाखाली ३० सेमी दाबलेला मुरूम, त्यावर प्लॅस्टिकचं जाड अस्तर, त्यावर काँक्रीट, मग दगड. अस्तर कुंडाच्या काठाबाहेर अर्धा मीटर वळवून वर आणायचं. जादा पाण्याला ११० मिमीचा पाइप, तो नाल्यापर्यंत, फरसबंदीच्या कडेला सोडून द्यायचा नाही. आणि भिंतीपासून कुंडाचा मध्य किमान १० मीटर. पालखेड नकाशाच्या दक्षिण कडेपासून साधारण ४ मीटरवर येतं, म्हणजे उत्तर कडेपर्यंत ५ मीटर. पुढे ५ मीटरची मोकळी पट्टी ठेवली की १० भरले. त्याच पट्टीत उभं राहून लोक भिंत बघतील, जागा वाया जात नाही.

---

नवखा

चार महिने साचलेलं पाणी म्हणजे डास ना?

---

पाणवठा

हो. गप्पी मासे सोडायचे आणि डिसेंबरात काढून विहिरीत टाकायचे. ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत तारखेसकट लिहून ठेवा, नाहीतर फेब्रुवारीत तहानेचं प्रतीक म्हणून मेलेले मासे दिसतील.

---

टाकीचा घाव

आता भिंत. दगड बाहेरून आणू नका, आपला काळा पाषाणच (बसाल्ट) घ्या. पण सगळा काळा पाषाण कोरायच्या लायकीचा नसतो. मांजऱ्या नको: त्यात बारीक पोकळ्या आणि पांढरे दाणे असतात, नेमकं नाकावर किंवा डोळ्यावर भोक येतं. सुतकीने (हातोड्याने) ठोकून बघा, भरीव दगड घंटेसारखा वाजतो, चीर असलेला बद्द बोलतो. मग नमुना एक दिवस पाण्यात ठेवून वजन करा. एक टक्क्याहून जास्त पाणी प्यायला तर परत.

शिळेचं माप १.२ × ०.९ × ०.२ मीटर. एकीचं वजन ६०० किलोच्या वर, चेन पुलीने हलवता येण्यासारखं. पंधरा रांगा, दोन थर, ३० शिळा, एकूण साडेअठरा टन. याहून मोठ्या शिळा घेतल्या तर क्रेन लागते आणि एक चूक फार महाग पडते.

उठाव ३ सेमीचा, मुख्य आकृत्यांना ५ सेमी. बसाल्ट ग्रॅनाइटसारखा दाणेदार सुटत नाही, शंखासारखी कपची उडते. म्हणून बारीक पुढे आलेले भाग, म्हणजे भाल्याचं टोक, लगामाची दोरी, बोटं, हे मोकळे सोडायचे नाहीत. पाठीमागच्या पृष्ठाला चिकटलेलेच ठेवायचे. कार्बाइड टोकाची टाकी, शेवटचे ३ मिमी हातानेच. न्यूमॅटिक हातोड्याने शेवटपर्यंत गेलात तर पृष्ठाखाली पांढरे चिरडलेले डाग राहतात, ते जात नाहीत.

दिशा दक्षिणाभिमुख बरोबर आहे, पण कारण नकाशाचं नाही, उन्हाचं आहे. पूर्वेकडे तोंड केलं तर सकाळचं ऊन सरळ समोरून येतं आणि उथळ उठाव पुसला जातो. वीस अंश अक्षांशावर फेब्रुवारीअखेर दुपारी सूर्य ६२ अंशांवर असतो. दक्षिणेच्या भिंतीवर ३ सेमी उठावाची सावली साडेपाच सेमी खाली पडते. सकाळी तेच ऊन बाजूने घासून जातं. जूनमध्ये मात्र भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला सरकतो आणि भिंत सपाट दिसते. चालायचंच.

जोड: मागे काँक्रीटची भिंत, मध्ये २५ मिमी मोकळी जागा, प्रत्येक शिळेला ३१६ स्टेनलेसचे चार आकडे (हूक). शिळांमधली दर्ज (फट) ६ मिमी, चुन्याच्या मसाल्याने. कोऱ्या सिमेंटने भरली तर मसाला दगडापेक्षा कडक होतो आणि शिळेच्या कडा सुटतात. काळा दगड उन्हात ६० अंशांपर्यंत तापतो. १८ मीटर भिंत पहाटेपासून दुपारपर्यंत सहा मिमीच्या आसपास वाढते. दर ६ मीटरला प्रसरणाची दर्ज ठेवा आणि ती आधीच चित्रात धरा, कुणाच्या चेहऱ्यावरून जायला नको.

---

वीरगळवाला

भिंतीवर काय कोरायचं याबद्दल: वीरगळाची (पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेल्या दगडाची) भाषा वापरा, नक्कल करू नका. वीरगळात खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, माथ्यावर सूर्य-चंद्र. खालून वर वाचायची ही सवय मराठी डोळ्याला आहे. इथे दोन थर आहेत, तर खालच्या थरात माणसं-जनावरं आणि वरच्या थरात फक्त माळरान आणि आभाळ ठेवता येईल. वरचा थर जवळजवळ रिकामा. शिल्पकार रिकाम्या जागेला घाबरतात आणि तिथे गरुड, भगवे झेंडे, किरणं भरतात. भरू देऊ नका.

सामान नेमकं हवं. तोड्याची बंदूक, भाला, धोप (सरळ तलवार), ढाल. चकमकीची बंदूक सगळ्यांच्या हातात नको. घोड्याला खोगीर, तंग, रिकीब, दुमची (खोगिरापासून शेपटीखालून जाणारा पट्टा). दुमची हमखास विसरतात आणि मग खोगीर उतारावर घोड्याच्या मानेवर जाईल असं दिसतं. मराठ्यांकडे तंबू-बाडबिछाना जवळपास नाही, निजामाकडे बुणग्यांची (सैन्याबरोबरच्या बिनलढाऊ लोकांची) गर्दी. हा फरक एकाच शिळेत शेजारी-शेजारी दाखवला तर पाटी लिहायची गरज नाही.

आणि उभी ज्वारी कोरा. फेब्रुवारी आहे, रब्बी आहे. बाजीराव घोड्यावर बसून कणसं चोळून खात ही आख्यायिका. तिच्यासाठी नाही, पण वैरण तोडली म्हणजे काय तोडलं ते कळायला कणीस दिसलं पाहिजे. कणसाचा दाणा ५ मिमीपेक्षा लहान कोरू नका, टिकत नाही.

---

ओतारी

मग कांस्याला काहीच ठेवलं नाहीत! एक सुचवतो. कुंडाच्या काठावर एकच घोडा, बिनस्वाराचा, खोगीर घातलेला, मान खाली घालून पाण्याला तोंड लावणारा. प्रत्यक्ष आकाराचा. पावसाळ्यात तो पाणी पितो, फेब्रुवारीत कोरडा दगड हुंगतो. चारही पाय जमिनीवर, वाऱ्याची चिंता संपली.

माप: शिल्पशाळेत संदर्भाला शर्यतीचा घोडा घेतात, खांद्याशी १६० सेमीचा. भीमथडी तट्टू साधारण १३० सेमीचं. आखूड पाठ, दणकट पाय, मोठं पोट. तेच करा.

वजन: पृष्ठ धरा ५ चौरस मीटर, कांस्याची जाडी ६ मिमी, म्हणजे चौरस मीटरला ५३ किलो. २६५ किलो अधिक सांगाडा. पण खरा भार मुलांचा. खाली झुकलेली मान दिसली की मुलं चढणारच. मानेच्या टोकाला २०० किलो धरूनच आतला नळ काढा आणि तो पुढच्या दोन्ही पायांतून खाली नेऊन जमिनीखालच्या बांधकामात ४५० मिमी गाडा.

ओतकाम थोडक्यात. आधी पाचास एक मापाचा नमुना, मग पूर्ण मापाची माती. मातीवर सिलिकॉनचा साचा, बाहेरून फायबरचं कवच. साच्यात मेण ६ मिमी जाडीचं, त्याच्याच जागी पुढे कांस्य येतं. इथे ब्रशने अंदाजे मारतात आणि कान ३ मिमी, छाती ११ मिमी होते. जाड भाग नंतर थंड होतो, आकसतो, खड्डा पडतो. सुईने टोचून जाडी मोजा. कांस्य एकूण दीड ते दोन टक्के आकसतं, सगळे तुकडे एकाच मिश्रणाचे आणि एकाच ओतारखान्यातले नसतील तर जोड जुळत नाहीत.

मिश्रण सिलिकॉन कांस्य घ्या: सुमारे ९५ टक्के तांबं, ४ सिलिकॉन, १ मँगनीज. नेहमीचं ८५-५-५-५ (तांबं, कथील, जस्त, शिसं) ओतायला गोड, पण वेल्डिंगला जस्त उकळून जोडात बुडबुडे सोडतं आणि शिशाने चिरा पडतात. वेल्डिंगची कांडीही त्याच मिश्रणाची हवी, नाहीतर रंग चढवल्यावर जोड पट्ट्यासारखे उमटतात.

दोन गोष्टी कायम राहून जातात. गाभा (पुतळा पोकळ राहावा म्हणून आत भरलेला भाग) धरायला घातलेले लोखंडी खिळे काढून तिथे कांस्याचे डाट बसवा. राहिले तर वर्षभरात तांबूस ओघळ. आणि आतला गाभा पूर्ण खरवडून काढा, तो ओल धरतो. चारही खुरांत आणि हनुवटीखाली १० मिमीची भोकं, पाणी बाहेर जायला. नाकपुड्यांत आतून स्टेनलेसची जाळी, नाहीतर मधमाश्या.

रंग फेरिक नायट्रेटचा तपकिरी, वर मेणाचे तीन हात. दर वर्षी पावसाळ्याआधी एक हात. थोबाड लोकांच्या हातांनी सोनेरी होईल, होऊ द्या.

---

बारगीर

घोडा कोणाच्या बाजूचा?

---

वीरगळवाला

कळू नये असाच. खोगिरावर चिन्ह नको. तहान दोन्हीकडच्या जनावरांना सारखीच. बेल्जियममध्ये व्लाडस्लोच्या जर्मन युद्धकबरस्थानात केटे कोलविट्झ या शिल्पकर्तीने घडवलेले आईबाप गुडघ्यांवर बसलेत, हातात काहीही नाही. तिथे शत्रू कोण ते विचारावंसं वाटत नाही. इतकं जमलं तर पुष्कळ.

---

बाळबोध

मजकुराबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी.

साठ शब्दांच्या वर जाऊ नका. कोणा परदेशी सेनापतीने बाजीरावांबद्दल काढलेले म्हणून जे उद्गार फिरतात ते मूळ पानावर स्वतः वाचल्याशिवाय कोरू नका. तारखेचं तेच: पुस्तकांत २५ आणि २८ फेब्रुवारी दोन्ही आढळतात. दगडात "फेब्रुवारी १७२८, शके १६४९" एवढंच कोरा, तहाची ६ मार्च द्या. तारखेचा वाद पुस्तिकेत घाला, ती पुन्हा छापता येते.

सोनेरी रंग नको, दोन उन्हाळ्यांत पापुद्रे. काळ्या पाषाणाला फक्त मजकुराच्या पट्टीवर पॉलिश करा; कोरलेला भाग आपोआप राखाडी दिसतो, तोच रंग. अक्षर व्ही आकाराच्या खोबणीचं, उंची किमान ३० मिमी, म्हणजे तीन-साडेतीन मीटरवरून आरामात वाचता येतं. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दुप्पट, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत अडकतात. शिरोरेखेची खालची कड बाहेरच्या बाजूला उतरती काढा, नाहीतर तिथे पाणी आणि धूळ बसून काळी रेघ येते.

मोडी हवी असा आग्रह होईल. एका शिळेवर अस्सल मोडी पत्राच्या दोन ओळी हुबेहूब कोरा, खाली देवनागरी. आजचा मजकूर मोडीच्या संगणकी टंकात टाकून कोरणं हा देखावा झाला.

पाथरवट आकार कोरतो, मजकूर वाचत नाही. कागदावर पूर्ण मापाची छपाई काढून तीन जणांनी वेगवेगळी वाचायची, सह्या करायच्या, आणि त्याच कागदावरून दगडावर उतरवायचं. मधे कुणी "टायपिंग पुन्हा करून घेतलं" की अनुस्वार गेलाच.

---

सातबारा

परवानग्यांचं आटोपशीर. जागेचा सातबारा आणि वापर आधी. जवळपास केंद्र संरक्षित स्मारक असेल तर १९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे १०० मीटर पूर्ण बंदी, पुढचे २०० मीटर नियंत्रित. पुतळा म्हटला की जिल्हाधिकारी आणि कला संचालनालयाची मातीच्या नमुन्याला मान्यता. लक्षात घ्या, नमुन्याला मान्यता म्हणजे सांगाड्याला मान्यता नव्हे. स्ट्रक्चरल तपासणीची फाइल वेगळी करा.

पाया खणताना रणभूमी आहे हे विसरू नका. आधी मेटल डिटेक्टरने जागेची पाहणी, दर मीटरला दोरी लावून, सापडेल त्याची जागा नोंदवून. शिशाची गोळी कुठे सापडली हाच पुरावा असतो. उचलून पिशवीत टाकली की ती फक्त गोळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवर किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जेसीबी या पाहणीनंतर.

---

टाकीचा घाव

एक राहिलं. हार-कुंकू येणारच, नको म्हणून थांबत नाही. दूध, लिंबू, तेल, गुलाल हे सगळं कांस्याचा आणि दगडाचा रंग खातं. घोड्यापुढे नको, भिंतीच्या पूर्व टोकाला वेगळी सपाट शिळा ठेवा, फूटभर उंच, थोडी खोलगट, पाणी जायला वाट असलेली. हार तिथे. पहिल्याच कार्यक्रमात पहिला हार तिथे पडला की पुढचे तिथेच पडतात.

---

बारगीर

सुधारित मसुदा असा: ९ × ९ मीटर नकाशा, ४५ सेमीचं कुंड, एक तट्टू, १८ मीटर भिंत, एक हाराची शिळा. पुतळा नाही, तोफ नाही, कारंजं नाही. चबुतऱ्यावरून एक शंका: घोडा थेट फरशीवर की थोडा उंच?

---

ओतारी

थेट फरशीवर. फक्त खुरांखाली २० मिमीची कांस्याची पट्टी ठेवा आणि तिच्याभोवती दर्ज मोकळी सोडा, झाडताना पाणी मारलं तरी खुरात साचणार नाही.

---

मुरूमखडी

आणि घोड्याचा पाया फरसबंदीपासून तोडलेला हवा, स्वतंत्र. बोअरचे आकडे आले की इथेच टाका, मग खोली सांगतो.